बुलहेड सिटीला एप्रिलमध्ये गळ टाकायला जायचंय, तिथल्या पाण्याची माहिती हवी आहे

चांडलरकर:

नमस्कार मंडळी. फीनिक्सजवळ चांडलरला राहतो. माझे बाबा मार्चच्या सुरुवातीला इकडे आलेत, मे अखेरपर्यंत आहेत. बाबा पाटणचे, कोयनेच्या काठावर वाढलेले, नोकरी संसार सगळं सांभाळून त्यांनी आयुष्यभर एकच छंद जपला तो म्हणजे गळ टाकून बसणं. वाम, मरळ, कटला, जे लागेल ते. इकडे आल्यापासून रोज सकाळी चहा घेताना विचारतात की अरे इथं नदी आहे की नाही, आणि इथली सॉल्ट रिव्हर शहरातून जाते तिथं बहुतेक कोरडी, नुसते दगडगोटे. त्यामुळे त्यांना एकदा तरी कोलोरॅडोवर न्यायचंच असं ठरवलंय, आणि ग्रँड कॅन्यनच्या कड्यावरून लांबून दाखवायची नाही, पाण्यात पाय बुडवता येतील अशा जागी.

ऑफिसातल्या एकाने बुलहेड सिटी सुचवली, डेव्हिस धरणाच्या खाली, समोर नेवाडातलं लाफलिन. तो म्हणाला वसंतात स्ट्रायपर (स्ट्राइप्ड बास मासे) चढतात, ट्राउटही असतो. पण तोच म्हणाला की पाणी एकदम वाढतं, आणि बाहेर उकडत असताना पाणी मात्र बर्फासारखं. आमच्याकडे बोट नाही, काठावरूनच टाकणार. मार्च अखेर बरा की एप्रिल मधला की मे? बाबांचं वय अडुसष्ट, तब्येत ठणठणीत आहे पण गुडघ्यांचा त्रास आहे. काठ कसा आहे, वारा किती असतो, लायसन्स बाबांना वेगळं लागतं का, जे माहीत असेल ते सांगा. गळ टाकणं मला फारसं येत नाही, ते डिपार्टमेंट बाबांचं, पण त्यांना या पाण्याची सवय नाही.


मोहावेवाला:

चांडलरकर दादा, मी हेंडरसनला असतो, लाफलिन मला दीड तासावर, त्यामुळे तिकडे बरंच जाणं होतं. एकच सांगतो, कॅलेंडर नंतर बघा, आधी धरण बघा. या नदीवर वसंत ऋतू आकाशात नसतो तो धरणाच्या दारात असतो.

म्हणजे असं की पूर्वी, धरणं नव्हती तेव्हा, मे-जूनला रॉकी पर्वताचं बर्फ वितळून गढूळ पूर यायचा. आता वरच्या अंगाला ग्रीन किंवा सॅन हुआन या उपनद्यांच्या भागात वसंतात बर्फाचं गढूळ पाणी येतं अजून, पण तुम्ही जिथे जाताय तिथे ते पोचत नाही. ते सगळं आधी पॉवेल मग मीड (हूवर धरणामागचा) मग मोहावे (डेव्हिसमागचा) तलावात अडतं. हूवर धरण १९३० च्या दशकातलं, डेव्हिस १९५० च्या सुमाराचं. हूवरमधून विजेसाठी जे कमीजास्त पाणी सुटतं ते मोहावेत झेलून पुढे हिशोबानं सोडायचं हे डेव्हिसचं मुख्य काम, त्यात मेक्सिकोला १९४४ च्या करारानं द्यायचं पाणीसुद्धा आलं. म्हणून बुलहेडला नदी आज किती आहे हे पाऊस ठरवत नाही, खालच्या शेतांची मागणी आणि विजेची मागणी ठरवते.

बाबा पाटणचे म्हणजे त्यांना हे समजावून सांगायची गरजच नाही. पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक सोडले अशी बातमी आली की कोयनाकाठचा माणूस काय समजतो तेच इथं समजायचं, फक्त आकडा मोठा. एप्रिल-मेमध्ये डेव्हिसमधून दिवसाची सरासरी ढोबळमानानं १० ते १५ हजार क्युसेकच्या घरात असते आणि ती सुद्धा सरासरी, दिवसभरात त्याच्या कितीतरी खाली आणि वर जाते. ही धरणं चालवणाऱ्या ब्युरो ऑफ रिक्लेमेशनच्या साइटवर तासातासाचं वेळापत्रक असतं, डेव्हिस आणि त्याच्या खालचं पार्कर धरण दोन्हीचं. आदल्या रात्री ते बघा आणि त्यावर दुसऱ्या दिवसाचा बेत ठरवा. मी हवामान नंतर बघतो, आधी ते उघडतो.

मासा कधी खातो याचंही उत्तर तिथंच आहे. पाणी अगदी उतरलं की मासे खोल धारेत जाऊन गप्प बसतात. चढायला लागलं की काठाजवळचे दगड भिजतात, त्यातले किडे, झिंग्यासारखे क्रॉफिश हलायला लागतात, आणि पहिला तास दीड तास मासे काठाकडे येतात. ही वेळ साधायची. पूर्ण भरून वाहायला लागलं की काठावरून शिसं तळाला टिकत नाही, मग एखाद्या दगडामागचा किंवा धक्क्याच्या खांबामागचा संथ पट्टा शोधावा लागतो. पाणी परत उतरताना पुन्हा थोडा वेळ चांगला जातो.

आता थंडपणा. पाणी मोहावे तलावाच्या खालच्या थरातून येतं, त्यामुळे एप्रिलमध्ये बाहेर ३० अंश सेल्सिअस असलं तरी धरणाखाली पाणी १२-१३ च्या आसपास. दिसायला हिरवट काचेसारखं स्वच्छ, तळातला प्रत्येक गोटा दिसतो, आणि म्हणूनच माणसं फसतात, गुडघाभर वाटलं तिथं कंबरभर असतं आणि धार जोराची. बाबांना म्हणावं पाय काठावर बसून बुडवा, आत उतरू नका. तेवढ्या थंड पाण्यात अचानक पडलं की पहिल्या मिनिटाला श्वासावर ताबाच राहत नाही, पोहता येणं न येणं नंतरची गोष्ट. काठावर बसतानाही लाइफ जॅकेट घालायला लावा, मी स्वतः घालतो.

स्ट्रायपरचं म्हणाल तर हा मासा मूळचा अटलांटिकचा, समुद्रातून नद्यांत चढणारा, १९६० च्या आसपास खालच्या कोलोरॅडोत आणून सोडलेला. त्याला अंडी घालायला वाहतं पाणी लागतं कारण अंडी धारेबरोबर तरंगत राहिली तरच जगतात, म्हणून खालच्या अंगाच्या हवासू तलावातले स्ट्रायपर वसंतात टोपॉकची घळ, नीडल्स असं करत वर चढतात आणि डेव्हिसच्या भिंतीखाली येऊन अडतात. खालचं पाणी १६-१७ अंशाच्या वर गेलं की चढण जोरात, म्हणजे एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मे अखेर, कधी जूनपर्यंत. मार्च अखेरीला गेलात तर मुख्यतः ट्राउट. एप्रिल मध्य म्हणजे दोन्हीची शक्यता, मी तुमच्या जागी असतो तर तेव्हाच गेलो असतो.


गौरी गिल्बर्ट:

मोहावेवाला यांनी नदीचं छान सांगितलंय, मी जरा माणसांच्या बाजूनं सांगते, कारण आम्हीही सासऱ्यांना घेऊन गेलो होतो आणि वयस्कर माणूस बरोबर असला की वेगळ्याच गोष्टी महत्त्वाच्या होतात.

फीनिक्सहून बुलहेड साडेतीन-चार तास, विकनबर्गवरून ९३ नंबरनं किंगमन आणि तिथून ६८ नं खाली उतरायचं. तो शेवटचा उतार लांब आणि तीव्र आहे, ब्रेक तापतात, गिअर खाली ठेवून या. धरणाच्या जवळ ॲरिझोनाच्या बाजूला डेव्हिस कॅम्प म्हणून काउंटीचा पार्क आहे, गाडीमागे फी आहे पण गाडी पाण्याच्या बऱ्यापैकी जवळ नेता येते, बाथरूम आहेत, सावलीला जागा आहे. गुडघेदुखीवाल्यांना हे फार महत्त्वाचं, कारण बाकी बऱ्याच ठिकाणी काठ म्हणजे नुसते रचलेले मोठे ओबडधोबड दगड, त्यावरून चढउतार करायची म्हणजे तरुण माणसाचाही तोल जातो. खाली गावात रोटरी पार्क आहे, तिथला काठ सपाट आहे पण शनिवार-रविवारी दुपारी जेट स्कीवाल्यांचा नुसता गोंधळ. नेवाडाच्या बाजूला कसिनोंच्या मागून नदीकाठानं फिरायचा रस्ता आहे, संध्याकाळी बाबांना तिथं न्या, कठड्यावरून खाली बघितलं की हे मोठे मोठे कार्प तोंड उघडून वर येतात, पर्यटक त्यांना खायला घालतात. सासरे तासभर तिथून हलायला तयार नव्हते.

वारा. हे कुणी सांगत नाही म्हणून मी जोर देऊन सांगते. मार्च-एप्रिलमध्ये एकामागून एक थंड हवेचे पट्टे येतात आणि त्यांच्यामागे उत्तरेचा वारा दरीतून सरळ खाली घुसतो, खुर्च्या उडतात, डोळ्यात वाळू. लास व्हेगासचं हवामान कार्यालय या तलावांसाठी वाऱ्याची वेगळी सूचना काढतं, ती निघाली असेल तर बेत सरळ पुढे ढकला, हॉटेलचे पैसे गेले तरी चालतील. आणि वारा पडल्यावरही एक दोन दिवस मासा सुस्त असतो असं आमच्या ह्यांचं म्हणणं.

तारखा बघताना दोन गोष्टी. मार्चमध्ये कॉलेजच्या पोरांची सुट्टी असते, सगळी हवासूला गोळा होतात आणि नदीवरही बोटी वाढतात. एप्रिलच्या शेवटी लाफलिनला मोटारसायकलवाल्यांचा मोठा मेळा भरतो, तेव्हा खोल्या महाग आणि रस्ते भरलेले. म्हणजे एप्रिलचा मधला आठवडा, तोही सोमवार ते गुरुवार, सगळ्यात बरा. घड्याळाचा घोळ तेव्हा नसतो, आपलं ॲरिझोना घड्याळ पुढे करत नाही त्यामुळे हिवाळ्यात नेवाडा एक तास मागे असतं पण मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर दोन्हीकडे एकच वेळ.

लायसन्स बाबांचं वेगळंच लागेल, तुमच्यावर ते टाकू शकत नाहीत. ते इथले रहिवासी नाहीत म्हणून त्यांना बाहेरच्यांचं, त्यात दिवसापुरतं मिळतं किंवा वर्षाचं. वर्षाचं म्हणजे काढल्या दिवसापासून ३६५ दिवस. मे अखेरपर्यंत आहेत आणि इतके उत्साही आहेत तर वर्षाचंच काढा, ॲरिझोनाच्या गेम अँड फिश खात्याच्या साइटवर घरबसल्या होतं. किती मासे ठेवायचे, केवढे ठेवायचे ते दर माशाचं आणि दर भागाचं वेगळं आहे, नियमांची पुस्तिका तिथंच आहे, फोनमध्ये उतरवून ठेवा. आणि अवी कसिनोच्या आसपास किंवा खाली पार्करकडे आदिवासी जमातींच्या जमिनी लागतात, तिथं त्यांचा स्वतंत्र परवाना असतो. गूगल मॅपवर ते कळत नाही, काठावरच्या पाट्या वाचा.

आणि एक, दर वेळी चार तास कशाला जायचं? सॉल्ट रिव्हर शहरात कोरडी आहे म्हणून तुम्ही सोडून दिलीत पण सगुआरो तलावाच्या खाली, फॉन डी सटन, कून ब्लफ, ग्रॅनाइट रीफ या पट्ट्यात ती वाहते, चांडलरहून पाऊण तास. हिवाळ्यात एसआरपीवाले (सॉल्ट रिव्हर प्रोजेक्ट, इथलं पाणी पुरवणारी संस्था) पाणी व्हर्डी नदीकडून घेतात तेव्हा सॉल्टची धार अगदी बारीक होते, मग वसंतात इकडून सोडायला लागतात आणि नदी जिवंत होते. पाणी नीट वाहायला लागलं की ट्राउटही सोडतात. टाँटो राष्ट्रीय वनाचा दिवसाचा पास घ्या, जंगली घोडे पाण्यात उतरून गवत खात असतात ते बाबांना नक्की आवडेल. फक्त मे उजाडला की ट्यूबमध्ये बसून वाहत जाणाऱ्यांची जत्रा सुरू होते, त्याआधी जा. आणि दगडात हात घालताना बघा, मार्चपासून रॅटलस्नेक बाहेर पडतात.


युमावाला:

मी युमाला असतो, शेतीच्या कामात आहे. वर क्युसेकचं निघालं म्हणून एक जोडतो. वसंतात पाणी का वाढतं तर आमच्याकडे हिवाळ्यातली लेट्यूस-ब्रोकोली संपत आलेली असते आणि पुढच्या पिकांची पेरणी, अल्फाल्फाला पाणी, ऊन वाढलं की जमीन पितेही जास्त. शेतकरी पाण्याची ऑर्डर देतात, ते वरून सुटतं, पार्करहून निघालेलं पाणी आमच्या जवळच्या इम्पीरियल धरणापर्यंत यायलाच तीनेक दिवस लागतात. मधेच पाऊस पडला की सगळे ऑर्डर रद्द करतात आणि वरून सोडणं एकदम कमी होतं. तेव्हा युमाकडे वादळी पाऊस झाल्याची बातमी दिसली तर दुसऱ्या तिसऱ्या दिवशी वर बुलहेडलासुद्धा नदी उतरलेली मिळू शकते, वेळापत्रक परत बघा.

कधी इकडं आलात तर आमच्याकडे पाणी कोमट आणि संथ, लव्हाळ्यांची बेटं, जुन्या प्रवाहाचे डोह. मे महिन्यात रात्री फ्लॅटहेड कॅटफिश लागतो, हा मासा बाबांना आपल्या पाण्यातला वाटेल, मिशा, चपटं डोकं, तळाला बसणारा. पण तेव्हा उष्मा मात्र तयारीनं सोसायला हवा.


चांडलरकर:

बाप रे, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं, पायथा वीजगृहाचं वाचल्यावर ते उठून बसले आणि म्हणाले मग सोपं आहे, आता आमिषाचं विचार. ते म्हणतायत कणकेचा गोळा हळद घालून चालेल का, नाहीतर गांडूळ मिळेल का. आणि दोरी किती जाड? इथल्या दुकानात गेलो तर भिंतभर रंगीबेरंगी प्लास्टिकचे मासे टांगलेले, काय घ्यावं कळेना.


तंगूस:

कणीक कार्पला चालेल, हळद घाला नाहीतर घालू नका. बाकी इथं कणकेवर बसलात तर दिवसभर कार्पच ओढत बसाल. मी मूळ मालवणचा, आमच्याकडे गरवणं म्हणतात, फीनिक्सला आल्यापासून याच नदीवर गरवतो, त्यामुळे बाबांना काय सोयीचं पडेल ते सांगतो.

पाणी फार स्वच्छ आहे हे डोक्यात ठेवा. जाड तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, माशाला दिसतो. ट्राउटसाठी चार ते सहा पौंडाचा, स्ट्रायपरसाठी दहा-बाराचा, पुढचं हातभर फ्लुओरोकार्बनची दोरी लावा ती पाण्यात कमी दिसते. रील दोन घ्या, एक हलकी एक मध्यम, महागडं काही नको.

ट्राउट हूवर धरणाखालच्या विलो बीचच्या सरकारी केंद्रात वाढवतात आणि हिवाळ्यापासून वसंतापर्यंत डेव्हिस कॅम्पच्या आसपास नदीत सोडतात. तो हौदात गोळ्या खाऊन वाढलेला असतो त्यामुळे सोडल्या सोडल्या पॉवरबेट नावाची कणकेसारखीच चकचकीत गोळी मिळते त्यावर येतो, बाबांच्या हाताला ते लगेच जमेल, बारीक गरीवर वाटाण्याएवढी गोळी, वर हातभर अंतरावर छोटं शिसं, गोळी तरंगते आणि तळापासून थोडी वर राहते. चार-सहा दिवसांनी तोच ट्राउट शहाणा होतो मग गांडूळ किंवा स्पिनर, म्हणजे पाण्यात फिरणारं छोटं चमकतं पातं. गांडुळं वॉलमार्टच्या फ्रीजमध्ये डबीत मिळतात.

स्ट्रायपरला फ्रोझन अँकोवी. म्हणजे आपल्या मांदेलीच्या जातीचाच मासा, बाबा ओळखतील. पूर्ण वितळू देऊ नका, अर्धवट गोठलेला असतानाच तिरका कापा, शेपटीकडचा तुकडा फेकून द्या आणि डोक्याकडचा गरीत असा ओवा की टोक पाठीतून बाहेर येईल, एकदा गरी फिरवून परत घाला नाहीतर पहिल्या फेकीतच आमिष एकीकडे आणि शिसं दुसरीकडे. शिसं सरकतं ठेवायचं, म्हणजे मासा ओढतो तेव्हा त्याला वजन लागत नाही. धारेच्या मधोमध फेकू नका, वेगवान पाणी आणि संथ पाणी जिथं एकमेकांना घासतं ती रेघ वरून स्पष्ट दिसते, त्या रेघेवर टाकून वाहू द्या. स्ट्रायपर त्या रेघेच्या संथ बाजूला धारेच्या वरच्या दिशेला तोंड करून उभा असतो.

एका गोष्टीत माझं मोहावेवाल्यांशी पटत नाही. पाणी चढायची वेळ ट्राउटला आणि स्मॉलमाउथ बासला खरी आहे पण मोठा स्ट्रायपर मला कायम झुंजूमुंजू व्हायच्या आधी आणि दिवस मावळल्यावरच मिळालाय, पाणी कसंही असो. त्याला ऊन आवडत नाही आणि एवढ्या स्वच्छ पाण्यात दुपारी तो खोल असतो. तेव्हा वेळापत्रक बघाच पण पहाटे अंधारात काठावर हजर राहा. ट्राउटच्या गाड्या येऊन गेल्या की त्या ट्राउटांच्या मागे मोठे स्ट्रायपर येतात हेही खरं, म्हणूनच दुकानात ते ट्राउटसारखे रंगवलेले हातभर लांब प्लास्टिकचे मासे दिसले तुम्हाला. विलो बीचला १९९७ मध्ये ६७ पौंडाचा स्ट्रायपर मिळाला होता. पण बाबांना दिवसभर तेवढं जड फेकून खांदे दुखवून घ्यायची गरज नाही, अँकोवी बरी.


मोहावेवाला:

तंगूस भाऊ, पहाटेचं मान्य, मी वेळापत्रकात पहाट बघूनच जातो, दोन्ही जुळलं तर सोन्याहून पिवळं. पण एप्रिलमध्ये भर अकराला पाणी चढताना स्ट्रायपरचा थवा काठाला आलेला मी पाहिलाय, वर पक्षी घिरट्या घालतात आणि पाणी उकळल्यासारखं होतं. ते काही मोठे नसतात, दोन-तीन पौंडी, पण चुलीसाठी तेच चांगले.

दोन महत्त्वाच्या गोष्टी राहिल्या. या नदीत मूळचे जे मासे होते त्यातला रेझरबॅक सकर आणि बोनीटेल हे दोन अजून तग धरून आहेत, दोन्ही संरक्षित. रेझरबॅक ओळखायला सोपा, डोक्यामागे पाठीवर उभी धारदार कड असते, बोट फिरवलं तर हाडाची धार लागते, तोंड खाली वळलेलं. तळाला खातो म्हणून गांडुळावर कधी कधी चुकून येतो. आला तर पाण्याबाहेर न काढता गरी सोडवा आणि लगेच जाऊ द्या, फोटोसाठीसुद्धा वर धरू नका. गढूळ, पुराच्या, उन्हाळ्यात गरम होणाऱ्या नदीसाठी घडलेले हे मासे आणि आपण त्यांना थंडगार स्वच्छ पाणी दिलं आणि वर दुसरीकडचे शिकारी मासे आणून सोडले. मोहावे तलावात दरवर्षी त्यांची पिल्लं गोळा करून सुरक्षित जागी वाढवून परत सोडतात, एवढी खटपट चाललीय, त्यात आपल्या हातून एक जाऊ नये.

दुसरं, क्वागा शिंपले. २००७ मध्ये मीड तलावात सापडले आणि आता खालपर्यंत सगळीकडे आहेत, नखाएवढे, दगडांना चिकटलेले, धार ब्लेडसारखी. अनवाणी उतरलात तर तळपाय फाटतो. आणि तिथून निघताना बूट, जाळी, बादली सगळं रिकामं करून वाळवून मगच दुसऱ्या पाण्यात वापरा, नाहीतर जिथं ते अजून पोचले नाहीत तिथं आपणच बियाणं नेऊन टाकू. या शिंपल्यांवर एक मासा चांगला पोसलाय, रेडइअर सनफिश, तो शिंपले फोडून खातो. हवासूत त्यामुळे हे मासे इतके वाढले की २०२१ मध्ये सहा पौंडांच्या वरचा निघाला, जागतिक विक्रम. हवासू बुलहेडहून सव्वा तासावर, एप्रिल-मेमध्ये हे उथळ पाण्यात घरटी करतात. तिथं साइट सिक्स आणि मेस्किट बे अशा ठिकाणी फुकट मासेमारीचे धक्के बांधलेत, सपाट, कठडा असलेले, व्हीलचेअरसुद्धा जाते. बाबांच्या गुडघ्यांना नदीपेक्षा तेच मानवेल. गांडूळ टाकून निवांत बसा.


चांडलरकर:

जाऊन आलो, एप्रिलचा मधला आठवडा, मंगळवार ते गुरुवार. तुम्ही सगळ्यांनी सांगितलं तसंच केलं, वारा एक दिवस होता तेव्हा गावात फिरलो आणि कार्प बघितले. बाकी दिवस पहाटे डेव्हिस कॅम्प.

बाबांनी पहिल्या सकाळी गळ टाकलाच नाही. बूट घालून काठानं हळूहळू चालले, दगडांवरची ओली रेघ बघत, कुठपर्यंत शेवाळ हिरवं आहे आणि कुठून वाळलेलं पांढरं सुरू होतं ते हातानं चाचपून बघितलं, मग म्हणाले रात्री पाणी इथवर होतं, आता वीतभर खाली आहे, परत चढणार ते इथूनच कळेल. एका दगडावर खडूसारख्या गोट्यानं खूण केली आणि खुर्ची टाकून बसले. साडेनऊच्या सुमाराला खूण बुडली आणि त्यांनी पहिली गोळी टाकली. मी तोवर फोनवर वेळापत्रक काढून बसलो होतो, दोन्ही बरोबर जुळलं. ट्राउट पाठोपाठ मिळाले. दुसऱ्या पहाटे अंधारात अँकोवीवर एक स्ट्रायपर लागला, पौंड चारचा असेल, पण धारेबरोबर असा पळाला की रीलनं किंचाळायलाच सुरुवात केली आणि बाबा मला रॉडला हात लावू देईनात. गरी ओवायची तंगूसदादांची पद्धत त्यांना फार पटली, त्यांनी दोऱ्याचे दोन वेढे वरून मारले म्हणजे तुकडा अजून टिकतो, हे तुम्हाला सांगायला सांगितलंय.

पाण्यात पाय बुडवले ते जेमतेम अर्धा मिनिट. लाइफ जॅकेट घातलं नसतं तर काठावर बसूच दिलं नसतं मी, सुरुवातीला कुरकुरले, मग विसरले.

आता विचारायचं हे की स्ट्रायपरचं हिनं मालवणी मसाला लावून कालवण केलं, चव छान पण थोडा उग्र वास आला. ट्राउट रव्यात तळले ते मात्र उत्तम. आणि मे मध्ये एक लाँग वीकेंड आहे, तेव्हा परत नदी की हवासूचे धक्के?


तंगूस:

बाबांना सांगा दोऱ्याचे वेढे उद्यापासून माझ्याकडेही सुरू.

उग्र वास त्या लाल पट्टीचा. तुकडे काढल्यावर कातडीच्या बाजूनं मध्यावर गडद लाल मांसाची रेघ असते, ती सुरी आडवी धरून पूर्ण छाटून टाका, पांढरं तेवढं ठेवा. आणि मासा पकडल्या पकडल्या कल्ल्याजवळ कापून रक्त जाऊ द्यायचं आणि सरळ बर्फात, पाण्याच्या बादलीत नाही. त्या उन्हात तासभर बादलीत राहिला की संपलं. मग तिरफळ घालून कालवण करा, वास येणार नाही. फ्रीजरमध्ये फार दिवस ठेवू नका, स्ट्रायपरची चव लवकर उतरते.


गौरी गिल्बर्ट:

मेमोरियल डेचा वीकेंड म्हणत असाल तर नदीही नको आणि हवासूही नको, बोटींची अक्षरशः रांग लागते आणि बुलहेडला तेव्हा चाळिशीच्या आसपास पारा असतो. त्याच्या आधीच्या आठवड्यात एखादी सुट्टी टाका, पहाटे पाचला मेस्किट बेच्या धक्क्यावर पोचा आणि दहाला आवरून घ्या. तिथं धक्क्यावर सावली मिळेलच असं नाही, छत्री आणि बाबांसाठी इलेक्ट्रालची पाकिटं बरोबर ठेवा.